मॅटिंगलीच्या कार्डाची मागची बाजू

शनिवार, रात्री

आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक यांची बेसबॉल कार्डं, म्हणजे सिगारेट-गमच्या पाकिटांतून मिळणारे खेळाडूंच्या चित्रांचे छोटे पुठ्ठे, पाहिली. अमेरिकन विंगमध्ये त्यांच्या संग्रहातली थोडीथोडी कार्डं आळीपाळीने काचेत मांडतात. सगळी एकदम मांडणं शक्यच नाही. नुसती बेसबॉलचीच तीस हजारांहून जास्त आहेत, आणि पोस्टकार्डं, जाहिरातींची कार्डं, सिगारेटच्या पाकिटातली चित्रं असं सगळं धरलं तर आकडा तीन लाखांच्या पुढे जातो.

बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे. विजेच्या सामानाच्या कारखान्यात सुटे भाग जोडायचं काम करायचे. एकटा माणूस, बेताची मिळकत, आणि संधिवाताने वाकत चाललेली बोटं. १९४७ पासून त्यांनी संग्रह म्युझियमला द्यायला सुरुवात केली. मुद्राचित्र विभागाचे प्रमुख हायट मेयर यांनी अट घातली की वर्गवारी तुम्हीच करायची आणि अल्बममध्ये लावूनही तुम्हीच द्यायचं. मग बर्डिक त्या विभागातल्या एका टेबलाशी वर्षानुवर्षं बसले आणि एकेक कार्ड चिकटवत राहिले. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरं झालं, मार्चमध्ये ते वारले. एका जुन्या संचाला आज जगभर लोक ‘टी२०६’ म्हणतात ते नावही त्यांच्याच कॅटलॉगमधलं. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं.

लेक बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती. मग तिने विचारलं, “बाबा, यांची किंमत किती होईल?”

तिचं काही चुकलं नाही. ती ज्या काळात वाढते आहे त्या काळात कार्ड म्हणजे आधी आकडा. मी सांगितलं, की ही विकायची नाहीतच, आणि उद्या कुणी विकायला काढली तरी मागे गोंद लागलेला असल्यामुळे आजचे दर त्यांना मिळणार नाहीत. तिला ते फार विचित्र वाटलं. परतीच्या गाडीत न्यू जर्सीतलं आमचं एडिसन येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. तिला तोंडी जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहून ठेवतो.

कार्डांच्या दुनियेत सगळ्यात मोठं नाव टी२०६ मधल्या होनस वॅग्नरचं. पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून ही कार्डं वाटली, पण वॅग्नरने आपलं कार्ड थांबवायला लावलं. लहान मुलांनी त्याच्या चित्रासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं एक कारण सांगतात. पैसे दिले नाहीत म्हणून, असं दुसरं. जी थोडी बाहेर पडली त्यांतली साठाच्या आसपास आज माहीत आहेत. २०२२ मध्ये त्यांतलं एक ७२.५ लाख डॉलरला गेलं. बर्डिक यांच्या कॅटलॉगमध्ये याच कार्डाची किंमत ५० डॉलर दिली होती, आणि तेव्हा तीच सगळ्यांत जास्त होती.

दुसरं मोठं नाव टॉप्स या गम कंपनीच्या १९५२ च्या संचातला ३११ नंबरचा, न्यूयॉर्क यँकीज संघाचा मिकी मँटल. तो संच कंपनीतल्या साय बर्गर यांनी ब्रुकलिनच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून तयार केला. वरच्या नंबरांची कार्डं बाजारात यायला उशीर झाला, तोवर मुलांचं लक्ष अमेरिकन फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. बर्गर यांनी तो खपवायचे पुष्कळ प्रयत्न केले, जत्रांतून स्वस्तात विकायला काढला, आणि शेवटी १९६० मध्ये खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवून इथेच, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे समुद्रात लोटली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो मँटल, जवळजवळ निर्दोष अवस्थेतला, १ कोटी २६ लाख डॉलरला विकला गेला.

आमच्या पिढीला या गोष्टी लहानपणीच कळल्या, आणि त्यामुळे आमच्या हातात कार्ड आलं तेव्हा त्याच्याबरोबर किंमतही आली. १९५२ च्या मुलांना तिचा पत्ताही नव्हता. ती मुलं कार्डं रबरबँडने बांधत, सायकलच्या चाकात कपड्याच्या चिमट्याने अडकवून मोटरसायकलसारखा आवाज काढत. एखादा खेळाडू दुसऱ्या संघात गेला की जुना संघ पेनने खोडून नवा लिहीत. पुढे संचात यादीचं कार्ड यायला लागलं, तेव्हा त्यावर मिळालेल्या नंबरांपुढे खुणा करत. म्हणूनच आज खुणा न केलेलं जुनं यादीचं कार्ड एवढं महाग असतं: ते ज्याच्याकडे होतं त्या मुलाने ते कधी वापरलंच नाही.

माझं वर्ष १९८७. त्या वर्षीच्या टॉप्स कार्डांना लाकडाच्या फळीसारखी चौकट होती, १९६२ च्या संचाची आठवण म्हणून. एकूण ७९२ कार्डं. दुकानाच्या गल्ल्यापाशी मेणकागदाच्या पॅकचं खोकं असायचं. पॅकमध्ये गुलाबी गमची पट्टी, इतकी कडक की चावताना मोडून तिचे तुकडे टोचायचे, आणि तिला टेकलेल्या कार्डावर हमखास डाग. आई म्हणायची, “ते तोंडात घालू नकोस, रंग आहे नुसता.” पॅक उघडल्याचा वास मात्र तिलाही आवडायचा. हे ती आता कबूल करते.

आम्ही यँकीजवाले, म्हणजे डॉन मॅटिंगलीचे. चॅनेल ११ वर फिल रिझुटोचं समालोचन लावून बाबा सोफ्यावर बसायचे आणि दर दहा मिनिटांनी विचारायचे, “आता हा आउट कसा?” ते पुण्याहून आलेले, क्लब क्रिकेट खेळलेले. बेसबॉल त्यांना पटतच नव्हता. तो पटला कार्डाच्या मागच्या बाजूमुळे.

मॅटिंगलीचं १९८७ चं कार्ड, नंबर ५००. पाठीवर वर्षवार आकडे. १९८६ च्या ओळीत २३८ हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठल्याच्या वेळा, आणि शेवटी सरासरी .३५२. बाबांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “पूर्णांकच नाही? हा कसला अ‍ॅव्हरेज?” मग त्यांनी माझ्याकडून ६७७ अ‍ॅटबॅट, म्हणजे सरासरीत धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या, शोधून घेतले, वीजबिलाच्या पाकिटाच्या मागे भागाकार मांडला, २३८ भागिले ६७७, आणि तिसऱ्या स्थळापर्यंत जाऊन उत्तर जुळल्यावर पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे तीनदा आला तर दोनदा फुकट जातो, आणि तरी हा सगळ्यांत भारी?” मी हो म्हटलं. “मग हा खेळ अवघड आहे,” ते म्हणाले. त्या दिवसापासून ते सामना वेगळ्या नजरेने पाहायला लागले. दशांश अपूर्णांक मला शाळेत शिकवले असतील, पण मला ते आले त्या पाकिटावर. त्याच वर्षी उन्हाळ्यात मॅटिंगलीने सलग आठ सामन्यांत होमरन मारले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांत जोरात ओरडले ते बाबा.

सुट्टीत पुण्याला गेलो की मामेभावासाठी डबल कार्डं न्यायचो. त्याच्याकडे बिग फन बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं. तो माझ्या कार्डांवर एकच आक्षेप घ्यायचा: “हे सगळे बॅट खांद्यावर घेऊन नुसते उभेच का? मारत का नाहीत?” एका कपिल देवच्या बदल्यात त्याने माझे चार यँकीज घेतले होते, आणि आम्हा दोघांनाही सौदा पूर्ण वाजवी वाटला. भाव सांगणारं मासिक त्या खोलीत नव्हतं.

इकडे अमेरिकेत ते होतं. जेम्स बेकेट हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. १९८४ मध्ये त्यांचं मासिक सुरू झालं, आणि प्रत्येक कार्डापुढे दर, वर किंवा खाली जाणारा बाण. त्यात वाईट काही नव्हतं. उलट, दुकानदाराने मुलाला फसवणं त्यामुळे अवघड झालं, आणि ते मी अजूनही मोठं काम मानतो. पण शाळेच्या बसमधली भाषा बदलली. आधी गठ्ठा हातात घेऊन भराभर सरकवायचं आणि ‘गॉट इट, गॉट इट, नीड इट’ म्हणत जायचं. नंतर प्रत्येक अदलाबदलीआधी कुणीतरी बेकेट उघडायचं. रूकी कार्डं, म्हणजे खेळाडूची सुरुवातीची कार्डं, नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानांत गेली. बसमध्ये मागे बसायचा तो मुलगा कॅन्सेकोचं कार्ड दाखवायचा, पण हात लावू द्यायचा नाही.

कंपन्यांनीही हेच हेरलं. १९८१ मध्ये टॉप्सची मक्तेदारी संपून फ्लीअर आणि डॉनरस आले होते, १९८८ मध्ये स्कोअर आला, १९८९ मध्ये अपर डेक आला तो होलोग्राम घेऊन आणि पहिल्याच नंबरावर केन ग्रिफी ज्युनियर. छापखाने थांबेचनात. लोक कार्डांची खोकी न उघडता कपाटात रचून ठेवू लागले, मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, रद्द झाली, आणि ही सगळी हवा निघून गेली. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मिळ होणार कशी? त्या काळाला आता ‘जंक वॅक्स’, म्हणजे मेणकागदातली रद्दी, म्हणतात. हा शब्द मला मनापासून खटकतो. कार्डं तीच आहेत, खेळाडू तेच आहेत, टोनी ग्विन तोच आहे.

मग आली ग्रेडिंगची पद्धत. कार्ड पाठवायचं, तज्ज्ञ कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यावर आहे की नाही हे पाहून एक ते दहा गुण देतात आणि जाड प्लास्टिकमध्ये बंद करून परत करतात. त्यात कसब आहे, आणि बनावट कार्डांपासून संरक्षणही आहे. तरी १९९१ मध्ये पीएसए ही ग्रेडिंग कंपनी सुरू झाल्यावर त्यांनी अगदी पहिलं ग्रेड केलेलं कार्ड म्हणजे आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने घेतलेला वॅग्नर, आठ गुणांचा. आणि त्याच्या कडा कापलेल्या होत्या हे लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये मान्य केलं. ज्या सरळ, स्वच्छ कडांचं जगाने कौतुक केलं त्या पात्याने आलेल्या होत्या.

या सगळ्यावर माझं ठाम मत असं झालं आहे, की हात लागणं हा कार्डाचा दोष नाही. कार्ड छापलंच मुळात त्यासाठी. अडीच बाय साडेतीन इंच हे माप १९५७ पासून चालत आलं ते मुलाच्या मुठीत बसतं म्हणून टिकलं, असं मला वाटतं. पुठ्ठ्याची उलटी बाजू वाचायला असते, आणि प्लास्टिकच्या डबीत बंद कार्डाची पाठ कुणी वाचत नाही. वाचतात वरच्या पट्टीवरचा आकडा. बर्डिक यांना बेसबॉलचं विशेष वेडही नव्हतं. त्यांना हवं होतं की हा कागद टिकावा आणि कुणालाही मागणी करून पाहता यावा. त्यांनी गोंद लावला. आजच्या हिशेबाने त्यांनी लक्षावधी डॉलर पुसून टाकले, आणि मला तो हिशेबच मान्य नाही.

आणि म्हणूनच आमच्या १९८७ ला काही किंमत नाही याचा मला आता खराखुरा आनंद होतो. त्या वर्षीचे न उघडलेले पॅक अजून मिळतात, कॉफीच्या कपाएवढ्या पैशांत. २०२० मध्ये घरोघरी माणसं अडकली आणि नव्या कार्डांसाठी दुकानांत झुंबड उडाली, पुढच्या वर्षी टार्गेट या दुकानसाखळीने काही काळ दुकानातली कार्डांची विक्रीच थांबवली, तेव्हाही हे पॅक आमच्या आवाक्यात होते. आम्ही तेव्हापासून ते आणतो. लेक पॅक फोडते, गम लांब फेकते, कार्डं पत्त्यांसारखी पिसते, कोपरे दुमडतात, मी काही म्हणत नाही. तिने कर्बी पकेटचं कार्ड वहीत खूण म्हणून घातलं आहे. बो जॅक्सन एकाच वेळी अमेरिकन फुटबॉलही खेळायचा हे तिला खोटं वाटलं, म्हणून तिने शोधून काढलं आणि मलाच चार गोष्टी सांगितल्या. आजोबांना फोन करून तिने एकदा आकडे वाचून दाखवले आणि त्यांनी पलीकडून तोंडी भागाकार केला. ऐंशीच्या पुढचं वय, आणि तिसऱ्या स्थळापर्यंत बरोबर.

तिने आज विचारलं त्याचं उत्तर मी पुढच्या महिन्यातल्या कार्ड शोमध्ये तिच्याच हातात देणार आहे. मला तिथे १९५७ चा हँक एरन शोधायचा आहे. त्याचा फोटो उलटा छापला गेला, त्यामुळे उजव्या हाताने खेळणारा एरन त्या कार्डावर डावखुरा दिसतो. स्वच्छ कार्ड माझ्या आवाक्याबाहेरचं आहे आणि मला ते नकोही. गोल झालेले कोपरे, मधोमध घडी, पाठीवर कुणा मुलाने पेनने काही लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. विक्रेते असली कार्डं टेबलाखालच्या खोक्यात ठेवतात, तिथे वाकून बघावं लागतं. लेकीला १९८४ चा मॅटिंगली हवा आहे, रूकी, टॉप्सचा, नंबर ८. तिने तिच्या खाऊच्या पैशांतून बाजूला काढले आहेत, आणि घासाघीस मीच करणार, तुम्ही मध्ये बोलायचं नाही बाबा, असं आत्ता झोपायला जाताना बजावून गेली.