पॅकिंग क्रेडिट, आणि नसलेलं एक मंजुरीपत्र: माझा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत आमचा डाळ मिलच्या यंत्रांचा कारखाना आहे. टांझानियातल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली, थोडा ॲडव्हान्सही आला. बाकी कागद झाले पटापट. अडलं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल रवाना व्हायच्या आधी लोखंड, मोटारी घ्यायला लागणारं कर्ज.

शाखेतले साहेब म्हणाले, "आफ्रिकेचं काम आहे ना? एक्झिम बँकेचं मंजुरीपत्र आणा." फाइलवर लाल पेनानं शेरा मारला, 'एक्झिम मंजुरी प्रलंबित'. मग जेव्हा जावं तेव्हा बोट त्याच शेऱ्यावर. ऐन मे महिन्यात नागपूरच्या उन्हात खेटे घातले. इकडे लोखंडवाल्याचे फोन सुरूच. अजूनही आठवलं की डोकं फिरतं.

कारण असं पत्र आमच्या कामात येतच नाही. एक्झिम बँक, म्हणजे निर्यात-आयात बँक, पूर्णपणे केंद्र सरकारची, 1982 पासून सुरू, मुख्यालय मुंबईत. ती परदेशी सरकारांना, तिथल्या बँकांना लाइन ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज, देते. त्या पैशातून तिकडे भारतीय माल घेतला जातो. माल गेला की इथल्या पुरवठादाराला एक्झिम पैसे देते, आणि परतफेड ते सरकार किंवा ती बँक करते. अशा कंत्राटाला एक्झिमची मंजुरी लागते, बरोबर आहे. पण आमचा ग्राहक खासगी व्यापारी, त्यात कुठलीच लाइन नाही. पक्क्या ऑर्डरवर पॅकिंग क्रेडिट रिझर्व्ह बँकेच्या नियमांत राहून आपली बँकच देते.

शेवटी मी लेखी अर्ज दिला: हा कागद कोणत्या परिपत्रकानुसार लागतो, ते लेखी कळवावे. त्यानंतर फाइल हलली, मुख्य शाखेच्या फॉरेक्स विभागात गेली. तिथल्या मॅडमनी ऑर्डर वाचली, "दादा, हे कशाला मागितलं?" म्हणाल्या आणि शेऱ्यावर सरळ काट मारून सही केली. इतका जीव हलका झाला!



आणि हो, पैसे बुडण्याचा विमा एक्झिमकडे नाही, तो ईसीजीसीकडे. ती वेगळी सरकारी कंपनी, वाणिज्य मंत्रालयाखालची. उधारीवर माल देणार असाल तर ग्राहकाच्या नावाची क्रेडिट लिमिट, म्हणजे त्याच्या उधारीवर किती रकमेपर्यंत विमा मिळेल ती मर्यादा, ईसीजीसीकडे ऑर्डर हातात येताच मागा, माल तयार व्हायची वाट पाहू नका.