मॅरेथॉनचा रूट कोण ठरवतं?

मॅरेथॉन जवळ आली की रनिंगच्या ग्रुपवर टी-शर्ट, बिब, शूज, टायमिंग यावरच सगळी चर्चा, रूटबद्दल कोण बोलतच नाही. माझ्या मते शहरासाठी खरा विषय रूटच आहे. पाहुणे येणार, फोटो निघणार म्हटलं की त्याच रस्त्यावरचे खड्डे आधी भरतात आणि तिथलाच कचरा आधी उचलला जातो.

न्यूयॉर्कचं बघा. 1970 ला पहिली मॅरेथॉन झाली ती सेंट्रल पार्कमधेच, पार्कला चकरा मारायच्या, 127 जण पळाले आणि 55 जणांनी पूर्ण केली. 1976 ला ती पार्कातनं बाहेर काढून शहराच्या पाचही भागांतनं नेली, आणि हे कधी, तर आदल्याच वर्षी महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती तेव्हा! त्यातल्या ब्राँक्स भागाला तेव्हा थोडासाच तुकडा मिळाला हे पण खरं, पण स्पर्धा अख्ख्या शहराची झाली.

आणि आपण? आपण कोल्हापुरात पळायचं म्हटलं की पोलीस ग्राउंड, ताराबाई पार्क, कावळा नाका, विद्यापीठाकडचा रस्ता. रुंद रस्ते, बंदोबस्त सोपा, कळतंय मला. पण मला मनापासून वाटतं की एकदा तरी दसरा चौकातनं सुरू करून बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खासबाग, रंकाळा, गंगावेश, शुक्रवार पेठ, पंचगंगा घाट आणि परत सीपीआरवरनं (सरकारी दवाखान्यावरनं) दसरा चौक असा लूप व्हावा. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या गल्ल्यांत पाणी शिरलं त्यांच्या अंगणातनं शहर पळू दे की. पाणी द्यायला, गर्दी आवरायला पेठांतली तालीम मंडळं आहेतच, गणपतीची मिरवणूक आणि फुटबॉलचा सीझन सांभाळणाऱ्या पोरांना हे काय अवघड आहे का?

अवघड आहे ते वेगळंच. सीपीआरकडं येणारी अँब्युलन्स कुठनं सोडायची, गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पहाटे येणाऱ्यांनी काय करायचं, खेड्यातनं भाजी घेऊन येणाऱ्या बायकांची रिक्षा कुठं अडवायची आणि किती वाजता सोडायची, हे सगळं आधी ठरवून, पेठेत बैठक घेऊन, लोकांना सांगून करावं लागतं, नुसतं आदल्या दिवशी पेपरात वाहतूक बदलाची चौकट छापून भागत नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, पळणाऱ्यांना तो काही तास उसना मिळतो.

म्हणूनच निर्णय कोण घेतं हे महत्त्वाचं. 2012 ला सँडी वादळ न्यूयॉर्कवर आदळलं आणि महापौर ब्लूमबर्ग म्हणत होते मॅरेथॉन होणारच. स्पर्धा सुटणार होती शहराच्याच स्टेटन आयलंड भागातनं, तिथं माणसं मेलेली, घरं गेलेली, हजारो लोक विजेविना आणि इकडं सेंट्रल पार्कात स्पर्धेसाठी जनरेटर लागलेले! लोक प्रचंड चिडले आणि दोन दिवस आधी स्पर्धा रद्द करावी लागली. राग कुणावर काढायचा हे लोकांना माहीत होतं, निवडून दिलेला माणूस समोर होता.

आपल्याकडं नगरसेवकांची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. अधिकारी चांगले असतील पण त्या काळात सभागृहच नव्हतं म्हटल्यावर शुक्रवार पेठेतल्या माणसानं "आमच्याकडनं का नाही" हे विचारायचं कुणाला होतं?

त्यामुळं पुढच्या वेळी रूट ठरायच्या आधी तो लोकांसमोर ठेवा, दोन पर्याय द्या, बंदोबस्ताचा आणि सफाईचा खर्च कोण करणार, आयोजक मनपाला किती भरणार ते पण सांगा. आपल्या पळणाऱ्या ग्रुपनं ही मागणी सगळ्यात आधी करायला पाहिजे, अर्जाचा मसुदा मी लिहायला घेतलाय, सह्या करायला कोण कोण येणार ते कमेंटमधे सांगा.