पजेरो एसएफएक्स २.८ : लुकलुकणाऱ्या दिव्यांचे मूळ अखेर सापडले

पजेरोची सुपर सिलेक्ट, म्हणजे दांड्याने दोन किंवा चार चाकांना ताकद देणारी यंत्रणा, पुढची चाके व्हॅक्यूमच्या ओढीने जोडते, आणि ती जोडली गेली की डॅशबोर्डवरचे पुढच्या चाकांचे दिवे लुकलुकायचे थांबतात. व्हॅक्यूमची वाट उघडणारे दोन्ही सोलेनॉइड (विजेच्या झडपा) बदलल्यावर हे दिवे स्थिर झाले आणि सुपर सिलेक्टचा विषय संपला, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. ते घाईचे ठरले. जुलैमधल्या एका रविवारी पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरलो, केळदच्या बाजूच्या चिखलवाटेला लागण्यापूर्वी दांडा ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद) टाकला आणि डॅशबोर्डवरच्या आकृतीतली पुढची दोन चाके पुन्हा लुकलुकू लागली. पाच मिनिटे थांबलो, दांडा दोनदा मागेपुढे केला, तरी फरक पडला नाही. त्याच सकाळी पुण्यातून निघताना हेच दिवे दोन सेकंदांत स्थिर झाले होते. थंड गाडीत सर्व ठीक आणि तापलेल्या गाडीत बिघाड, एवढा एकच धागा हाती घेऊन चिखलात न शिरता परत फिरलो.

परत फिरण्याचे कारण नव्याने पजेरो घेतलेल्यांसाठी सांगतो. ट्रान्सफर केसने, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीने, पुढच्या शाफ्टला जोडून घेतले, पण पुढच्या ॲक्सलवरची फ्रीव्हील कॉलर (चाके शाफ्टला जोडणारी कडी) सरकली नाही, तर तो शाफ्ट चाकांना न ओढता मोकळा फिरतो आणि मधल्या डिफरन्शियलमधल्या व्हिस्कस कपलिंगवर (पुढच्या-मागच्या शाफ्टच्या वेगातला फरक आवरणाऱ्या भागावर) नको तेवढा ताण येतो. हे कपलिंग आज नवे मिळवणे अवघड आणि महाग आहे. दिवे लुकलुकत राहिले की २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) परत यावे, हेच शहाणपणाचे.

पहिला संशय फ्रीव्हीलच्या, म्हणजे कॉलर सरकल्याचे दिव्यांना कळवणाऱ्या, स्विचवर गेला. मीटर लावून पाहिले, तर थंड असताना आणि तापल्यावरही तो व्यवस्थित जोडत होता. मग ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॅक्यूमने ती कॉलर सरकवणारा भाग. हातपंपाने त्याच्या दोन्ही कप्प्यांत आळीपाळीने व्हॅक्यूम दिला. रॉड पूर्ण सरकला आणि डायफ्रामने (आतल्या पडद्याने) दहा मिनिटे व्हॅक्यूम धरून ठेवला. पुण्यातल्या एका विक्रेत्याने शारजाहून आलेला जुना ॲक्च्युएटर मला जवळजवळ गळ्यात मारला होता, आणि मी तो घेणारही होतो. ही दहा मिनिटांची चाचणी केली नसती, तर मोठी रक्कम व्यर्थ गेली असती. हातपंप ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आधी तो घ्यावा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या यंत्रणेत अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे म्हणजे पैसे ओतणे आहे.

ॲक्च्युएटर चांगला, स्विच चांगला, सोलेनॉइड नवे. ब्रेक बूस्टरही गाडीच्या याच व्हॅक्यूम पंपावर चालतो आणि ब्रेक पेडल कधीही कडक झाले नव्हते, त्यामुळे पंपावर संशय घेण्याचे कारण नव्हते. उरल्या त्या नळ्या, आणि त्या मीच मार्चमध्ये बदलल्या होत्या. जुन्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या म्हणून दिसायला सुंदर अशी निळी सिलिकॉन नळी घेतली होती आणि तिचे कौतुकही याच नोंदींमध्ये केले होते.

शेवटी दोन गेज बसवले : एक पंपाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून, दुसरा ॲक्च्युएटरजवळ टी लावून, लांब नळीने थेट केबिनमध्ये, पंपाचा वर आणि ॲक्च्युएटरचा खाली. पुतण्याला शेजारी बसवले आणि पिरंगुटचा घाट धरला. निघताना दोन्ही काटे २४ इंचांवर (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचे माप) होते. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाबच सुमारे २८ इंच असल्याने, पंप २४ देत असेल तर तो उत्तम आहे. चाळीस मिनिटांनी, इंजिन चांगले तापल्यावर, दांडा ४एचमध्ये टाकला. "काका, हा वरचा जागचा हललाच नाही, पण खालचा नऊवरच अडकलाय," पुतण्या म्हणाला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले, टॉर्च धरली, आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत सापडलेल्या वळणावर ती निळी नळी रिबिनीसारखी चपटी झालेली दिसली.

नळीची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर आहे. अशी नळी आतून दाब असेल तर टिकते, पण व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा तिला दाबते, आणि तापून मऊ झालेली पातळ भिंत वळणावर मिटते. थंड गाडीत ती ताठ असल्याने सर्व चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. माझ्या चार महिन्यांच्या त्रासाचे कारण हे होते.

नाना पेठेतून साडेतीन मिलिमीटर जाड भिंतीची, आत कापडी विणकाम असलेली काळी नळी आणली. दिसायला साधी आहे, पण बोटांनी दाबूनही मिटत नाही. त्या वळणावर नळीचा मार्गही चार बोटे दूर नेला. काल पुन्हा तोच घाट, तीच चाळीस मिनिटे : खालचा काटा २३ वर आणि दिवे तीन सेकंदांत स्थिर. उतरताना २एचमध्ये आलो, तेव्हाही दिवे ताबडतोब विझले. ते दोन स्थिर हिरवे दिवे पाहून झालेला आनंद हा २००६ची ही गाडी घेतल्यापासूनच्या मोठ्या आनंदांपैकी एक आहे.

ट्रान्सफर केसवरचे बॉल स्विच (दांडा कुठे आहे ते कळवणारे) बदलण्याचे ऑगस्टचे काम आता रद्द करतो. त्यांचा दोष कुठेही दिसलेला नाही. त्याऐवजी मागच्या दाराचे बिजागर पूर्ण करतो. वरच्या बिजागराचे बुश बसवून झाले आहेत, आणि स्टेपनीच्या वजनाने खाली झुकणारे ते दार आता एका हाताने, न उचलता लागते.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट लक्षात आली. एसी लावल्यावर आयडल (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) उचलणाऱ्या डायफ्रामची नळीही मी त्याच निळ्या गुंडाळीतून कापली होती, आणि सिग्नलवर एसी चालू असताना इंजिन धडधडते ही तक्रार मे महिन्यापासून माझ्या यादीत आहे. आत्ताच खाली जाऊन इंजिन तापवून पाहून आलो. ती नळीही वळणावर चपटी होते. त्यामुळे बिजागर पुढच्या आठवड्यावर ढकलतो आणि उरलेली काळी नळी उद्या सकाळी तिथे बसवतो. निळी गुंडाळी वायपरच्या पाण्यासाठी ठेवली आहे. तिथे ती उत्तम काम करेल.