सोलापुरात बसून समुद्राचं हवामान

आमच्याकडं समुद्र नाही, उजनीचं पाणी तेवढं, पण भाचा मर्चंट नेव्हीत गेल्यापासून मला समुद्राचे फोरकास्ट बघायचा नादच लागलाय. हिवाळ्यात उष्ण कटिबंधातला समुद्र शांत असतो असं वाटतं ना, तसं काही नाही बरं का. मेक्सिकोच्या आखातावरची थंड हवा डोंगरातल्या खिंडीतनं घुसून पलीकडं पॅसिफिकमध्ये, मेक्सिकोच्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या तेवांतेपेकच्या आखातात उतरते आणि तिथं वारा ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या वर जातो, तेही बऱ्याचदा ऊन पडलेलं असताना! त्याचे इशारे मायामीचं हरिकेन सेंटर देतं. आपल्या अरबी समुद्रातही इराणच्या आखाताकडनं शमाल नावाचा वायव्येचा वारा सुटला की त्याच्या लाटा पार रत्नागिरीपर्यंत येतात, इथं वारा नसला तरी. आपल्यासाठी हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, लाटांचा अंदाज देतं. त्यात २ मीटर लिहिलं असलं तर ती सगळ्यात मोठ्या एकतृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी असते, एखादी लाट जवळपास दुप्पटही येऊ शकते, हे ताईला मी अजून सांगितलेलं नाही, उगं घोर कशाला लावा.