काकू म्हणाली साप, अन् बरोबरच म्हणाली

दोन वर्षांनी गावी आलेय. कापसाची वेचणी चालूय त्यामुळे दिवसा घरात चिटपाखरू नाही, अन् संध्याकाळी सगळे चुलीपाशी शेकत बसले की माझ्या मोबाईलवर "तिकडचं दाखव न" सुरू होतं. बर्फाचे फोटो झाले, मॉलचे झाले, मग अमेरिकेत मिनेसोटातल्या माझ्या परसातला लसूण आला. काकूनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. "हे काय वो माय, लसून हाय का साप?"

गंमत म्हणजे या जातीचं शास्त्रीय नावच ओफिओस्कोरोडॉन, ग्रीकमध्ये ओफिस म्हणजे साप अन् स्कोरोडॉन म्हणजे लसूण. तिकडे बोलताना हार्डनेक म्हणतात, कारण गड्ड्याच्या मधोमध कडक काडी असते अन् तिच्याभोवती मोठ्या मोठ्या पाकळ्या एकाच फेरीत बसलेल्या, आपल्या लसणासारखी आत बारक्या पाकळ्यांची गर्दी नाही. वटपौर्णिमेच्या आगेमागे मधून दांडा निघतो, स्केप म्हणतात त्याला. आधी सरळ येतो, मग मान वाकवतो, मग स्वतःभोवतीच दीड-दोन वेढे घेतो, टोकाला बगळ्याच्या चोचीसारखी लांब कळी. अख्खा वाफाच वळवळतोय असं वाटतं. माझी शेजारीण तर माझ्याकडून दांडे नेऊन फुलदाणीत लावते, नेऊ दे बापडी.

पण घोळ असा की दांडा शोभेला ठेवला की झाडाचा जोर वर जातो अन् खाली गड्डा बारका राहतो. पहिल्या वर्षी मी हौसेनं एकही कापला नाही, जुलैत उपटले तर लिंबाएवढे गड्डे! नवरा काही बोलला नाही, फक्त एक गड्डा हातात घेऊन फिरवून बघितला, ते जास्त लागलं. आता अर्धी ओळ बघायला, अर्धी खायला. कापायचा तर पहिला वेढा पडला की लगेच, नंतर राठ होतो. मग तव्यावर तेल, हिरव्या मिरच्या, दांड्याचे बोटभर तुकडे, काळे डाग पडेपर्यंत परतायचे, मीठ अन् शेंगदाणे घालून खलबत्त्यात जाडंभरडं कुटायचं. पातीची चव अन् कोवळ्या गवारीसारखी करकर. ज्वारीची भाकर असली की दुसरं काही लागत नाही.

लावायचा कोजागिरीच्या सुमारास, टोक वर करून, 2 इंच खोल, 6-6 इंचावर, वरून वीतभर पेंढा. मग उणे 25 पर्यंत थंडी, महिनोन् महिने बर्फाखाली. आईला हेच पटेना. "मरत नाई का वो ते?" मरत नाही, उलट थंडी भेटली नाही तर पाकळ्याच पडत नाहीत, नुसती एक गोल गाठ होऊन बसते. माझ्याकडची रोकांबोल, म्हणजे हार्डनेकमधलाच एक प्रकार, सोलायला इतकी सोपी की साल चिमटीत धरलं की निघतं. ते ऐकून आई म्हणे, "मंग टिकत नसन." टिकत नाहीच, दिवाळीनंतर मऊ पडायला लागतो. आईचा घरचा बारका लसूण सोलता सोलता नखं दुखतात पण वर्षभर आढ्याला लटकलेला असतो.

तरी "दोन गड्डे आनाचे होते न" झालंच. म्हटलं, लागवडीचा माल असा बॅगेत घालून आणता येत नाही, दाखले लागतात. अन् आणला तरी गड्डा धरायला त्याला मोठे दिवस पाहिजेत, आमच्याकडे जूनमध्ये 15 तासांच्या वर दिवस, इथं सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आसपास. शिवाय थंडी कुठून आणणार?

"थंडीसाठी फ्रीज नाई काय घरात?"

यावर मी गप्पच, कारण गरम भागातले हौशी लोक खरंच पाकळ्या 6-8 आठवडे फ्रीजमध्ये ठेवून मग लावतात.

आज सकाळी चहाला लसणाचा वास. फ्रीज उघडला तर दुधाच्या गंजाला खेटून वाटीत आईच्याच लसणाच्या सुट्या केलेल्या पाकळ्या. वहिनी जाम चिडलीय, अन् आईनं बजावलंय की शिवरात्रीपर्यंत वाटीला कोणी हात लावायचा नाही.