तुम्ही विचारलंत म्हणून: हसावे की दुरुस्त करावे?

मुले काहीतरी भलतेच बोलली की तुम्ही हसता, की लगेच दुरुस्त करता, असे मला ओळखीचे पालक नेहमी विचारतात. हसू येतेच, पण दुरुस्तीची घाई मी करत नाही, कारण त्या बोलण्यामागे बहुतेक वेळा मुलाने स्वतः शोधून काढलेला एक नियम असतो आणि तो सापडेपर्यंत मला चैन पडत नाही.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना ठोकळ्यांचा मनोरा रचून धावत आली आणि म्हणाली, ‘‘आई, बघ, मी केवढा उंच करला!’’ आमच्या घरात ‘करला’ कोणीच म्हणत नाही, म्हणजे हा शब्द तिने ऐकलेला नव्हता, घडवलेला होता. बसला, हसला, उचलला, तसा करला. नियम मोडतो तो आपला ‘केला’. जीन बर्को या अमेरिकी भाषाअभ्यासक स्त्रीने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे ‘वग’ असे बनावट नाव सांगितले होते आणि असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले होते. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. हे वाचल्यापासून ‘करला’ ऐकताना मला हसण्याबरोबर कौतुकही वाटते. मी फक्त ‘‘खरंच, किती उंच केलास!’’ एवढे म्हणते. योग्य रूप तिच्या कानावर पडते आणि मनोऱ्याचा आनंदही टिकतो.

धाकट्याचे निराळे. फोनवर आजीने ‘‘जेवलास का?’’ असे विचारले की तो नुसती मान हलवायचा. तिने पुन्हा विचारले की आणखी जोरात हलवायचा. आपल्याला जे दिसते ते समोरच्यालाही दिसतेच, असा त्याचा ठाम विश्वास होता. रुंद पेल्यातले दूध उंच, निमुळत्या पेल्यात ओतले की ते वाढले म्हणून तो खूश होत असे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांचा हाच समज प्रयोगांतून दाखवून दिला होता, आणि साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास तो मागे पडतो.

एक पथ्य मात्र मी कसोशीने पाळते: मूल शेजारी उभे असताना त्याचा किस्सा पाहुण्यांना सांगायचा नाही. त्याने ते मनापासून म्हटलेले असते आणि खोलीभर उठलेल्या हशाचे कारण त्याला कळत नाही.

परवा धाकटा दारातून ओरडला, ‘‘मी येलो!’’ ताईने, म्हणजे एकेकाळच्या ‘करला’वाल्या मुलीने, गंभीरपणे सांगितले, ‘‘येलो नाही, आलो म्हणायचं.’’ त्याने क्षणभर विचार केला आणि तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले, ‘‘तू आलीस. मी येलो.’’