आमची वाटचाल : आधी तालीम, मग कॅमेरा

फोंडा तालुक्यात आमची छोटी निर्मिती संस्था आहे. आम्ही लघुमालिका करतो, दूरचित्रवाणीसाठी कौटुंबिक नाट्यं करतो, आणि मुंबईहून गोव्यात चित्रीकरणाला येणाऱ्या युनिटचं इथलं कामही सांभाळतो. कायमची माणसं मोजकी. कॅमेरा माझा मावसभाऊ बघतो, हिशेब आणि कॉलशीट (कुणी कधी सेटवर यायचं त्याचा तक्ता) माझी बायको, दिग्दर्शन मी. त्याआधी बरीच वर्षं मी नट होतो. आमच्या कामात जे काही वेगळं दिसत असेल ते त्या नटपणातूनच आलंय.

गोव्यात नट व्हायला घर सोडावं लागत नाही. गावची जत्रा असते, देवस्थानचा उत्सव असतो, आणि पालखी देवळात गेली की मांडवात नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. ऐतिहासिक, पौराणिक, संगीत, सगळं. नट गावातलेच: कुणी शाळेत शिकवतो, कुणी पोस्टात, कुणाची काजूची बाग. मंगेशी आमच्यापासून जवळ. मास्टर दीनानाथांचा जन्म तिथला, सन 1900 चा. 1918 मध्ये ‘बळवंत संगीत मंडळी’ निघाली त्यात ते होते. आमच्याकडे ही नावं घरच्या माणसांसारखी घेतली जातात. पुढे मी कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत उतरायला लागलो. पणजीत कांपालला मांडवीच्या काठावरची चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती वास्तू, आणि आत दीनानाथ मंगेशकर कला मंदिराचा रंगमंच. तिथे उभं राहिलं की आवाज आपोआप लागतो.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत असायची, ती म्हणजे तालीम. भातकापणी आटोपली की रोज रात्री जेवणं झाल्यावर माणसं जमायची. महिना, दोन महिने. पात्रं हळूहळू अंगात मुरायची. कुणाची एन्ट्री कुठून, कुणाच्या वाक्यावर कुणी मान वळवायची, हे शेवटी सांगावं लागत नसे.

मग मी मुंबईला गेलो. 1999 मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, त्यानंतर एकेक वाहिनी येत गेली आणि मराठी नटाला रोजचं काम मिळायला लागलं. मला डॉक्टर मिळाला, इन्स्पेक्टर मिळाला, बऱ्याचदा नायिकेचा मामा मिळाला. कामाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच पैशांवर मी मुंबईत राहिलो. पण सेटवर पहिल्या दिवसापासून तालीम शोधत होतो, ती सापडली नाही. रोजच्या मालिकेचं गणितच तसं आहे. अर्ध्या तासाच्या भागाला जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचं फुटेज लागतं, आठवड्याला पाच-सहा भाग जातात, आणि बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपली की सीन सकाळी लिहून येतो. नट मेकअपच्या खुर्चीत वाक्यं पाठ करतो. समोरचा नट काय बोलणार आहे हे त्याला कॅमेऱ्यासमोरच कळतं.

माझं काम नसलं की मी व्हॅनमध्ये न बसता मॉनिटरच्या मागे उभा राहायचो. मास्टर (अख्खा सीन एका चौकटीत घेणारा शॉट) कधी घेतात, सजेशन (एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट) कधी, क्लोजअपला नटाची नजर कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला द्यायची, दोन नटांमधली कल्पित लाइन कॅमेऱ्याने का ओलांडायची नाही, हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नाही. दिग्दर्शकाच्या खुर्चीमागे उभं राहूनच ते मी शिकलो. त्या काळात दिग्दर्शक सतीश राजवाडे यांचं काम मी आवर्जून बघायचो. ते स्वतः नट. 2008 मध्ये स्टार प्रवाहवर आलेल्या त्यांच्या ‘अग्निहोत्र’ मालिकेत मोठमोठे रंगभूमीवरचे कलाकार एकत्र होते आणि ते एकमेकांचं ऐकताना दिसायचे. नटाने दिग्दर्शन केलं की काय होऊ शकतं, ते मला तिथे दिसलं.

पुढे मला एपिसोड दिग्दर्शनाची संधी मिळाली. नटाला दिग्दर्शक होताना सगळ्यात मोठा मोह कसला असतो, तर करून दाखवायचा. ‘असं म्हणा बघू,’ म्हणून आपण वाक्य म्हणून दाखवलं की समोरचा आपली नक्कल करतो, आणि ती नक्कल पडद्यावर लगेच ओळखू येते. मी नट म्हणून अशा करून दाखवणाऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे तो मार्ग मी घ्यायचाच नाही असं ठरवलं. मी एवढंच विचारतो: या वाक्याआधी तुम्ही काय ऐकलंत? बहुतेक वेळा नट थबकतो, मग समोरच्याला वाक्य पुन्हा म्हणायला सांगतो, आणि सीन तिथून सुरू होतो. त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. त्या पाच मिनिटांसाठी निर्मात्याशी रोज बोलावं लागायचं. आपली संस्था हवी, ही इच्छा तिथेच मूळ धरत गेली.

टाळेबंदीत मी गावी आलो तो आलोच. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मराठी-हिंदी मालिकांची युनिट गोव्यात आली. त्यांना बंगले हवे होते, जनरेटर हवे होते, जेवण हवं होतं, गोवा मनोरंजन सोसायटी या सरकारी संस्थेकडच्या चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी धावणारं माणूस हवं होतं. मला दोन्हीकडची माणसं माहीत होती, म्हणून फोन मला यायला लागले. ते फार दिवस टिकलं नाही. गोव्यातही रुग्ण वाढत होते, लोकांचा विरोध झाला, मेच्या पहिल्या आठवड्यात परवानग्या मागे घेतल्या गेल्या आणि 9 मेपासून राज्यभर संचारबंदी आली. युनिट गेली. त्या वेळी विरोध करणाऱ्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. इथल्या इस्पितळांत काय परिस्थिती होती ते आम्ही बघत होतो. पण त्या थोडक्या काळात एक गोष्ट स्पष्ट झाली: मालिका उभी करायला लागतं ते सगळं इथे आहे. घरं आहेत, हात आहेत आणि नट तर गावोगाव आहेत. संस्था आम्ही त्यानंतर काढली.

आमचा पहिला सेट म्हणजे माझ्या आजोळचं राजांगणाचं घर. चिऱ्याच्या भिंती, मध्ये उघडं अंगण, तुळस, चारी बाजूंनी वसरी, म्हणजे ओसरी. दिसायला सुंदर, चित्रीकरणाला कठीण, कारण अंगणातलं ऊन तासातासाला सरकतं. सकाळी खांबावर असलेली उन्हाची तिरीप दुपारी नटाच्या नाकावर येते आणि दोन शॉट एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून अंगणातले सीन आम्ही दहाच्या आत उरकतो, नंतर वर पांढरं कापड ताणतो आणि वसरीवर सरकतो.

त्या घरातला एक सीन सांगतो. आई आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळ खवते आहे आणि मुलगा घर विकायचं म्हणतोय. आईचं काम करणाऱ्या बाई गावच्या शाळेत शिकवतात आणि कित्येक वर्षं उत्सवी नाटकांत जिजाबाई करतात. पहिल्या वाचनाला त्यांचा आवाज थेट तुळशीपलीकडे गेला. मी म्हटलं, ‘बाई, मुलगा हाताच्या अंतरावर बसलाय.’ त्या म्हणाल्या, ‘दादा, एवढं हळू बोललं तर शेवटच्या रांगेला कसं ऐकू जाणार?’ प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही पदराखाली लावलेला माइक त्यांना दाखवला, त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यांचंच पुटपुटणं त्यांना ऐकवलं. त्यानंतर आवाजाबद्दल बोलावं लागलं नाही. मग प्रश्न आला हातांचा. मास्टरमध्ये मुलाच्या कुठल्या वाक्यावर खवणं थांबलं, तेच क्लोजअपमध्ये थांबलं पाहिजे. प्रत्येक टेकला नारळाची नवी वाटी आणि ताटात तेवढंच खोबरं. पण आदल्या दोन संध्याकाळी आम्ही तो सीन त्याच वसरीवर, खऱ्या नारळासकट वाचला होता. हात कुठे थांबतो ते बाईंना ठाऊक होतं, कारण मुलगा काय बोलतो ते त्यांनी मन लावून ऐकलं होतं. चित्रीकरण ठरल्यापेक्षा लवकर आटोपलं. तालमीत वेळ जातो असं म्हणणाऱ्यांना मी हा सीन दाखवतो.

आमच्या दरपत्रकात म्हणूनच तालमीचे दिवस वेगळे लिहिलेले असतात आणि त्यांचं मानधनही नटांना मिळतं. घासाघीस करताना समोरची मंडळी आधी तीच ओळ खोडतात. एका मोठ्या कामावर आम्ही त्याच कारणासाठी पाणी सोडलं. मानधनाचंही तसंच. या धंद्यात नटाला पैसे 90 दिवसांनी मिळायची रीत आहे, काही वेळा त्याहूनही उशिरा. माझे स्वतःचे एका निर्मात्याकडचे पैसे अजून यायचे आहेत. आमच्याकडे पॅकअपनंतर त्याच आठवड्यात पैसे जातात. त्यासाठी खेळतं भांडवल बाजूला ठेवावं लागतं आणि एका वेळी एकच काम घेता येतं. वाढ हळू होते, ती तशी होऊ दे असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

पावसाळ्यात आम्ही चित्रीकरण करत नाही. कौलांवर आणि पत्र्यांवर पाऊस पडायला लागला की थेट ध्वनिमुद्रण अशक्य, आणि नंतर डबिंग करून तो श्वास परत येत नाही. ते महिने लेखनाचे आणि वाचनाचे.

सेटवर आपापसांत कोंकणी, कॅमेऱ्यासमोर मराठी. त्या मराठीला इथला हेल असतो आणि तो आम्ही पुसून काढत नाही. पेडण्याची आजी पुण्यासारखी बोलली तर पेडण्यातला प्रेक्षकच उठून जाईल.

अलीकडे मोबाइलवर उभ्या चौकटीत बघायच्या, दीड-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिकांची मागणी आहे. अरुंद चौकटीत दोन माणसं शेजारीशेजारी मावत नाहीत, म्हणून एकाला पुढे आणि एकाला मागे उभं करावं लागतं. नटासाठी हे फार चांगलं आहे. पुढचा बोलतो तेव्हा मागच्याचा चेहरा सतत दिसतो, त्यामुळे ऐकण्याचं नाटक करून भागत नाही. आमच्या उत्सवी नटांना हे पटकन जमतं, कारण मंचावर त्यांना लपायला कट कधी मिळालाच नव्हता.

चतुर्थी झाली की नव्या लघुमालिकेच्या तालमी सुरू होतील. पन्नाशीपुढच्या भूमिका जास्त आहेत, दोन आज्या, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक भजनी बुवा. रविवारी संध्याकाळी राजांगणातच वाचन असतं. येताना फोटोंचा अल्बम आणायची गरज नाही; चष्मा तेवढा आणा, आमच्या संहिता हाताने लिहिलेल्या असतात.